ओढा गायब करायचाय? सोपं आहे

परवाच्या पावसात आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. तक्रार घेऊन गेलो तर साहेबांनी नकाशा उलगडला आणि म्हणाले, "तिथे ओढा नाहीच आहे हो." पाणी आहे, ओढा नाही! ही विद्या मोजक्या लोकांच्याच हातात राहू नये, म्हणून होतकरूंसाठी कृती देतो.

सुरुवात राडारोड्याने करावी. एकदम भराव टाकू नये, डोळ्यावर येतं. रात्री अकरानंतर एक डंपर काठावर, चार दिवसांनी दुसरा. खाली वाड्याच्या विटा आणि फुटक्या फरश्या, वरून मुरूम. पहिल्या पावसात भराव खचतो. घाबरू नये. पायथ्याला जाळीत दगड भरून भिंत उभी केली की त्यालाच सुशोभीकरण म्हणतात. दोन उन्हाळ्यांत दहा मीटरचा ओढा सहावर येतो.

मग त्यात ड्रेनेज सोडावं. वास सुटला की लोक स्वतःच अर्ज करतात, "बुजवा एकदाचा."

आता पाइप. सहा मीटर रुंद, दोन मीटर खोल ओढ्याचा छेद १२ चौरस मीटर. त्या जागी ९०० मिमी व्यासाचे दोन ह्यूम पाइप, म्हणजे काँक्रीटचे गोल पाइप, टाकावेत, दोन्ही मिळून जेमतेम सव्वा चौरस मीटर. उरलेलं पाणी कुठे जाणार, असं शाळेतल्या पोराने विचारलं तर त्याला क्लासला पाठवा. वस्तुमान नाहीसं होत नाही, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हाझिएने १७८९ मध्ये लिहून ठेवलंय, पण तो काही पुण्याचा नव्हता. वर टेकडी फोडून काँक्रीट ओतलेलं असतं. मातीत निदान काही पाणी मुरतं, काँक्रीटवरचं जवळजवळ सगळं खाली येतं. तासात १०० मिमी पडला तर एका हेक्टरवर दहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. एका हेक्टरचे! आणि ते घुसणार सव्वा चौरस मीटरमधून, तेही पाइपाच्या तोंडाशी जुनी गादी आणि नारळाच्या झावळ्या अडकलेल्या नसतील तर. मे महिन्यात नालेसफाई होते. म्हणजे काय, तर गाळ काढून काठावरच रचायचा. जूनमध्ये तो परत आत. पुढच्या मेमध्ये परत टेंडर, परत तोच गाळ. अहो, तोच गाळ! बिलं मात्र दर वर्षी नवी.

निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. दोन्ही कागदावर असतात आणि कागद रबराने पुसता येतो.

पाणी शिरलंच तर "ढगफुटी" म्हणावं. ढगफुटीला तासाला १०० मिमी पाऊस लागतो, पण ते माप कोण बघतंय?

कोणी फारच अडवलं तर इतिहास काढावा: नानासाहेब पेशव्यांनीही पुण्यातला आंबिल ओढा वळवला होता. वळवताना त्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं, पाण्याला जागा दिली, एवढं फक्त सांगू नये.

लोकप्रतिनिधींची काळजी नको. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ महापालिकेत नुसते प्रशासक होते. ओढा निदान पावसाळ्यात तरी दर्शन देत होता.

बास. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच आंबिल ओढ्याने माणसं मारली. अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून लोक गेले. तेव्हाही दोष पावसालाच दिला. भराव पावसाने टाकला होता? सही पावसाने केली होती? आणि तुम्हीसुद्धा! फ्लॅट घेताना किचन ट्रॉलीचा रंग, दाराची दिशा, सगळं तपासता. गाव नकाशा बघायला कुणी मनाई केली होती? भूमी अभिलेखच्या कार्यालयात अर्ज करून प्रत मिळते, त्यात ओढा सरळ काढलेला असतो. रात्री डंपर खाली होताना ऐकू आला तेव्हा "आपल्याला काय करायचंय" म्हणून खिडकी लावून घेतलीत ना? आता तो नकाशा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून बघा. "भाव पडेल, डिलीट करा" म्हणणारे पाच मिनिटांत येतील. बेसमेंटमधलं पाणी उपसायला पहिली बादली त्यांच्याच हातात द्या.