चमचाभर शिरा आणि तुमचं शुगर डिटॉक्स

परवा गंगापूर रोडला नात्यात सत्यनारायण होता. प्रसादाचा द्रोण पुढे केला तर वहिनी म्हणतात, "नको हो, शुगर डिटॉक्स चालू आहे." अहो, प्रसाद आहे तो! चमचाभर! (डायबेटीस असेल तर गोष्ट वेगळी, तिथे देवही हट्ट धरत नाही.) पण यांनी द्रोण बाजूला सारून अ‍ॅपमध्ये केळ्याच्या कॅलरीज शोधल्या.

याच वहिनी एकादशीला १६ तास उपाशी. उरलेल्या ८ तासांत साबुदाण्याची खिचडी, भगर, बटाट्याचे वेफर्स. विठोबाचं नाव नाही, वजनकाट्याचं दर्शन मात्र दिवसातून दोनदा. उपवास म्हणजे जवळ बसणं, असं आजी सांगायची. काट्याजवळ, असं काही ती म्हणाल्याचं आठवत नाही.

नागलीचं तर हसावं की रडावं. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात पिढ्यानपिढ्या नागलीची भाकरी खातात, तेव्हा ते गरिबाचं अन्न. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं आणि तीच नागली 'रागी कुकीज' होऊन काचेच्या बरणीत बसली.

गीतेच्या सहाव्या अध्यायात सरळ सांगितलंय: अति खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. पण वहिनींना सांगणार कोण? रविवारी मिसळीच्या ठिकाणी भेटल्या. 'चीट डे' म्हणे. काळा रस्सा तीनदा मागवला, पापडही दोन. पाव तेवढा परत केला, ग्लुटेन असतं ना त्यात!