ती तिसरी टिक येणारच नाही

चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या आठवड्यात भजनी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप गट सोडला. नुसता सोडला नाही, आधी तासभर बसून एकेक मेसेज पुसला. टबात बसलेल्या नातवाचा फोटो, जिन्यातल्या बल्बची तक्रार आणि गॅस सिलिंडरच्या भावावरचा एक अगदीच बाळबोध विनोद. का, म्हणून विचारलं तर फोन पुढे केला. "हे वाच. उद्यापासून लागू आहे म्हणे."

हा 'उद्या' मी कैक वर्षं बघतेय. मेसेज थोडक्यात असा: उद्यापासून दळणवळणाचे नवे नियम. सगळे कॉल रेकॉर्ड होणार, साठवले जाणार. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, ट्विटर, सगळ्यावर नजर. तुमचा फोन मंत्रालयाच्या यंत्रणेला जोडला जाणार. सरकारविरुद्ध काही पुढे ढकललंत तर विनावॉरंट अटक. आणि शेवटी टिकांचं कोष्टक: तीन निळ्या टिका म्हणजे सरकारने तुमच्या मेसेजची दखल घेतली, दोन निळ्या नि एक लाल म्हणजे कारवाई होऊ शकते, तीन लाल म्हणजे कोर्टाचं समन्स निघालं. केंद्र सरकारच्याच पत्र सूचना कार्यालयाने हे खोटं असल्याचं एकदा नाही, अनेकदा जाहीर केलंय. पण खुलाशाला पाय नसतात, अफवेला असतात.

मी वकील नाही. वकिलांच्या ऑफिसात वीस वर्षं टायपिंग केलं, तेवढ्या भांडवलावर हे लिहितेय.

टिकांपासून सुरुवात करू, कारण काकूंची झोप त्यांनीच उडवली. एक करडी टिक म्हणजे मेसेज निघाला, दोन म्हणजे पोहोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला. संपलं. गटात तर सगळ्यांनी वाचल्याशिवाय टिका निळ्या होतच नाहीत. आमच्या सोसायटीच्या गटात त्या कधी निळ्या झालेल्या मी पाहिल्या नाहीत, कारण तळमजल्यावरचे नाना आठवड्यातून एकदा फोन चार्ज करतात. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतात. मधल्या वाटेवर ते वाचता येत नाहीत. कोण कोणाशी किती वाजता बोललं ही नोंद मात्र कंपनीकडे राहू शकते, आणि पोलिसांनी फोनच जप्त केला तर आतल्या गप्पा वाचता येतात. त्याला रंगीत टिक लागत नाही.

आता 'सगळे कॉल रेकॉर्ड होणार'. देशात शंभर कोटींहून जास्त मोबाइल जोडण्या आहेत. पण आकड्यापेक्षा मला इथे कायदा महत्त्वाचा वाटतो, आणि तो बऱ्याच जणांना ठाऊकच नाही. फोन चोरून ऐकण्याचा अधिकार सरकारला १८८५ च्या तार कायद्याने दिला होता, तोही सार्वजनिक आणीबाणी किंवा जनतेची सुरक्षितता असेल तेव्हाच. प्रत्यक्षात राजकारण्यांचे फोन सर्रास ऐकले जात होते. ते प्रकरण १९९१ च्या सुमारास उघडकीला आलं आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था सुप्रीम कोर्टात गेली. डिसेंबर १९९६ मध्ये कोर्टाने सांगितलं की घरात किंवा ऑफिसात बसून फोनवर निवांत बोलणं हा खासगीपणाचाच भाग आहे. मग नियम घालून दिले. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचाच हवा. कुठला पत्ता, कुठली माणसं, ते त्यात नमूद हवं. आदेशाची मुदत दोन महिने, वाढवून वाढवून सहा. आणि एका समितीने तो तपासायचा. म्हणजे 'सगळ्यांचे सगळे कॉल' असा आदेश या चौकटीत बसतच नाही. तार कायद्याच्या जागी आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे, डिसेंबर २०२४ मध्ये त्याखाली नवे नियमही आले. ढाचा साधारण तोच राहिला.

आणि हे नुसतं कागदावर राहिलं असंही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचा फोन टॅप करण्याचे तीन आदेश रद्द केले. प्रकरण लाचेचं होतं. लाच वाईटच, पण त्यात सार्वजनिक आणीबाणी कुठली, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. रेकॉर्डिंग नष्ट करा, असाही हुकूम झाला.

पण मेसेज खोटा म्हणून सगळं आलबेल आहे, असं मी काकूंना सांगितलं नाही. १९९६ च्या त्या खटल्यात अशीही मागणी होती की फोन ऐकण्याआधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी. कायद्यात तशी तरतूद नसताना आम्ही ती घालू शकत नाही, असं म्हणून कोर्टाने ती मान्य केली नाही. त्यामुळे आदेश काढणारा सरकारी अधिकारी, तपासणारेही सरकारी अधिकारी. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगाचे तेच, यांच्या माहिती संरक्षणावरच्या समितीने २०१८ च्या अहवालात लिहिलंय की ही तपासणी समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि दर बैठकीत तिच्यापुढे १५ ते १८ हजार आदेश असतात. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बसलात, जेवायला उठला नाहीत, तरी एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत. ऑफिसात आम्ही नोटरीचे शिक्के मारायचो ते याहून सावकाश.

आणि ज्याचा फोन ऐकला त्याला कळवलं जातं का? नाही. तसं बंधन कुठल्याच नियमात नाही. खटला उभा राहून ती संभाषणं कागदावर आली तरच त्याला पत्ता लागतो. म्हणजे गंमत बघा, हा भीतिदायक मेसेज सरकारबद्दल फारच चांगलं मत बाळगून आहे. सरकार तुमचं वाचतंय हे टिक लावून तुम्हाला सांगेल म्हणे! अशी टिक खरंच आली असती तर आमचे वकीलसाहेब पेढे वाटत फिरले असते.

'विनावॉरंट अटक' हा मुद्दा मात्र हवेतून पडलेला नाही. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल दोन ओळी लिहिल्या. दुसरीने त्याला लाइक केलं. दोघींना अटक. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ तेव्हा असं काही ऐसपैस होतं की कोणाला चीड आली, गैरसोय झाली, एवढ्यावर गुन्हा उभा राही. दिल्लीतली कायद्याची एक विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टाने ते कलम मुळासकट उपटलं. मुळासकट, निदान कागदावर. पोलिस ठाण्यांमध्ये ते पुढेही लावलं जात राहिलं. २०२१ मध्ये हे समोर आलं तेव्हा न्यायमूर्तींनाच धक्का बसला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कोणावर खटला चालवू नका. तेव्हा काकूंच्या सिलिंडरच्या विनोदावर अटक होईल का? ६६ अ खाली होऊ शकत नाही. आणि दुसऱ्या एखाद्या कलमाखाली कोणी प्रयत्न केलाच, तर भजनी मंडळाचा गट सोडल्याने तो टळणार नाही.

मेसेजखाली दरवेळी एक वाक्य हटकून येतं, बहुतेकदा हात जोडल्याच्या चिन्हासकट: ज्याचं मन साफ त्याला कसली भीती. यावर मला खडकसिंग आठवतो. उत्तर प्रदेशातल्या या माणसाला १९४१ मध्ये दरोड्याच्या गुन्ह्यात पकडलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. सोडून दिलं, पण पोलिसांनी त्याच्या नावाची वही उघडली. पुढे रात्री-अपरात्री शिपाई दाराशी यायचे, हाका मारून उठवायचे. गावाबाहेर जायचं तर सांगून जायचं. घरावर पाळत. मन साफ की नाही देव जाणे, कागद तर साफ होता! १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सहा न्यायमूर्तींनी रात्रीच्या त्या फेऱ्या बंद केल्या, पण बहुमताने असंही म्हटलं की राज्यघटनेत खासगीपणाचा हक्क काही दिलेला नाही. त्याआधी १९५४ मध्ये आठ न्यायमूर्तींच्या पीठाने साधारण तोच सूर लावला होता.

हीच दोन जुनी वाक्यं सरकारी वकिलांनी 'आधार'च्या खटल्यात काढली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, ती याचिका केली होती. आठ न्यायमूर्तींचं म्हणणं खोडायला नऊ लागतात, म्हणून नऊ बसले. २४ ऑगस्ट २०१७ ला निकाल आला, ५४७ पानांचा आणि एकमताचा: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि त्या हेतूला जेवढं लागतं तेवढंच करायला हवं. माशी मारायला घण नको. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दादच मागता येत नाही असं सांगणारा १९७६ चा तो कुप्रसिद्ध निकालही याच निकालाने मोडीत काढला. त्यात बहुमताच्या बाजूने यशवंतराव चंद्रचूड होते. तो चुकला होता, असं २०१७ मध्ये लिहिणारे न्यायमूर्ती त्यांचेच चिरंजीव, धनंजय. घरातल्या वडीलधाऱ्यांची चूक पानावर मांडायला आपल्याकडे किती जण धजतात?

'प्रायव्हसी हे श्रीमंतांचे चोचले' याचं उत्तरही त्याच निकालात आहे. गरिबाला अन्न हवं, खासगीपणा घेऊन तो काय करणार, असं सरकारतर्फे सुचवलं गेलं होतं. कोर्टाने ते साफ धुडकावलं. हे पाश्चात्त्य खूळ आहे म्हणणाऱ्यांनी आपल्या नागपूरच्या न्यायमूर्ती शरद बोबडेंचं स्वतंत्र निकालपत्र वाचावं. दुसऱ्याच्या घरात मालकाच्या संमतीवाचून शिरू नये, हे कौटिल्याने सांगून ठेवल्याचा दाखला त्यात आहे. मी स्वतः चाळीत वाढले. तिथे खासगीपणा नव्हता असं म्हणणाऱ्यांनी चाळ बघितलेली नसते. शेजारच्या खोलीत नवरा-बायकोचं वाजलं की आई रेडिओ मोठा करायची. कशासाठी करत होती?

या सगळ्यावर उतारा म्हणून दुसरा एक मेसेज फिरतो: माझे फोटो वापरायची मी फेसबुकला परवानगी देत नाही, हे कॉपी करून भिंतीवर लावा. त्याच्या एका जुन्या आवृत्तीत रोम कराराचा हवाला होता. तो करार वंशसंहार आणि युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाचा आहे. खातं उघडताना 'मान्य' दाबलंत तो करार भिंतीवर लिहून फिरत नाही. एवढंच.

माझ्या भाच्याची तऱ्हा उलटी. तो म्हणतो, सुप्रीम कोर्टाने हक्क दिलाय ना मावशी, मग कसली काळजी. त्यालाही माझं उत्तर आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये कोर्टाने मोबाइल क्रमांक आणि बँक खातं आधारला जोडण्याची सक्ती रद्द केली, तरी सिमकार्ड घ्यायला गेलं की काउंटरवरचा पोरगा पहिला प्रश्न आधारचाच करतो. फोनमध्ये गुपचूप शिरणाऱ्या पेगासस सॉफ्टवेअरने हेरगिरी झाल्याच्या तक्रारींवर कोर्टाने २०२१ मध्ये समिती नेमली. तिने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच होतं का हे ठरलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं समितीने कळवल्याचं सरन्यायाधीशांनीच भर कोर्टात सांगितलं. माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. कंपनीला दंड २५० कोटींपर्यंत. सरकारी यंत्रणांना मात्र अधिसूचना काढून या कायद्यातून बाहेर ठेवता येतं. २०१७ च्या कसोटीवर ती सूट टिकते का, हे कोणीतरी कोर्टात जाऊन विचारल्याशिवाय ठरणार नाही. कोर्ट आपणहून दार ठोठवायला येत नाही.

काकूंनी हे सगळं चहा गार होईपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "आणि गेटवरच्या वहीचं काय?" वॉचमनच्या टेबलावरची ती वही. येणारा प्रत्येक जण नाव, मोबाइल नंबर आणि कोणाकडे आला ते लिहितो, आणि पुढचा माणूस ते वाचत उभा असतो. मी म्हटलं, नवा कायदा डिजिटल माहितीचा आहे, कागदाच्या वहीला तो लागत नाही. पुढे जाऊन ती माहिती डिजिटल केली तर लागतो.

काकूंनी सोसायटीचा गट उघडून दाखवला. मंगळवारी जिन्यातून कोणाचे तरी बूट गेले होते, म्हणून सेक्रेटरींनी त्या वहीच्या दोन पानांचे फोटो काढून टाकले होते. सत्तावीस जणांचे नंबर, त्यात काकूंकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचाही. मी सेक्रेटरींना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, त्यात लपवण्यासारखं काय आहे?"