दुश्मनाशी निनावी प्रेम कसं जमवावं (ठाणे-वाशी आवृत्ती)

प्रेमात पडायचंच आहे ना, मग आधी एक बऱ्यापैकी दुश्मन बघून ठेवा. आणि त्यात काटकसर करू नका. खालच्या मजल्यावरचा पार्किंगवाला दुश्मन चालत नाही, त्यातून रोमान्स होत नाही, फक्त सोसायटीचं पत्र येतं. ठाण्यात राहत असाल आणि कॉलेजात एकांकिका करत असाल तर मात्र दुश्मन रेडिमेड मिळतो. तो वाशीच्या कॉलेजातला दिग्दर्शक असतो, गेल्या वर्षी त्याने तुमच्या तोंडचा करंडक पळवलेला असतो आणि वर येऊन 'तुमचं नेपथ्य छान होतं' असं म्हणालेला असतो. ज्याने एकदा तरी एकांकिका केलीये त्यालाच कळेल की नेपथ्य छान होतं ही केवढी मोठी शिवी आहे. (तो म्हणजे ती पण चालेल, मी सोयीसाठी तो लिहितेय, लगेच भांडायला येऊ नका.)

दुश्मनी जाहीर हवी, मनातल्या मनात कुढून काही होत नाही. प्राथमिक फेरीला त्यांचा प्रयोग असेल तेव्हा तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसायचं, अख्खा हॉल हसला की आपण मोबाईलमध्ये बघायचं, त्यांचा ब्लॅकआउट जरा लांबला की खोकायचं. बाहेर 'अरे आव्वाज कुणाचा' सुरू झालं की गळ्याच्या शिरा दिसेपर्यंत ओरडायचं. फक्त एक लक्षात असू द्या, ही दुश्मनी तुमची एकट्याची नसते, ती ग्रुपच्या मालकीची असते. पोरं महिना महिना रात्री अकरापर्यंत तालमी करतात, लेव्हल्स (म्हणजे स्टेजवरचे लाकडी चौथरे) उचलतात, टेम्पोत मागे उभं राहून जातात, घरी बोलणी खातात, ते कशाच्या जिवावर? रंगभूमीच्या सेवेच्या? कसली डोंबलाची सेवा. वाशीवाल्यांना दाखवायचंय, एवढ्या एकाच गोष्टीवर सगळं चालतं. तुमच्या ग्रुपातले ते दोघं जे मे महिन्यापासून एकमेकांशी बोलत नाहीयेत, त्यांचंही वाशीवाल्यांबद्दल एकमत आहे.

आता फेक अकाउंट काढा. नाव 'तिसरी घंटा' वगैरे, डीपीला रिकाम्या थिएटरातली खुर्ची, कॉलेज लिहायचं नाही, फोटो टाकायचा नाही. ही आयडिया तुम्हालाच पहिल्यांदा सुचली असं वाटेल, वाटू द्या. मग एका रात्री दोन वाजता कोणीतरी विचारलेलं दिसेल की परीक्षकांना नक्की हवं तरी काय असतं, आणि तुम्ही लिहाल, काही नाही हो, त्यांना शेवटची कर्जत पकडायची असते. त्यावर कोणीतरी, डीपीला विझलेला स्पॉट (स्टेजवरचा दिवा हो), लिहील, कर्जत नाही, पनवेल. झालं. एवढ्यावर पुढचे चार महिने निघतात.

कारण काय, तर हा माणूस ऐकतो. तिसरी घंटा झाली की हात गार पडतात आणि दर प्रयोगाआधी मेकअप रूमच्या बेसिनमध्ये उलटी होते, हे तो तुम्हाला सांगतो. तुम्ही त्याला सांगता की आपल्याच एकांकिकेचा शेवट आपल्याला कळलेला नाही, दिग्दर्शक आपणच असून, आणि लेखकाला विचारायची हिंमत होत नाहीये कारण त्यालाही कळला नसावा अशी शंका आहे. अशी वाक्यं समोरासमोर कोणाला बोलता येत नाहीत, पण खुर्चीला बोलता येतात. जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००४ सालीच यावर लिहून ठेवलंय, ऑनलाइन डिसइनहिबिशन इफेक्ट म्हणतात त्याला. नाव लपलं, चेहरा दिसेनासा झाला की माणसाची भीड सुटते, आणि त्यात दोन प्रकार असतात म्हणे, एक गोड आणि एक विषारी. गोड प्रकारात माणूस मन मोकळं करतो. विषारी प्रकारात तो काय करतो ते तुम्हाला चांगलंच माहितीये, कारण त्यासाठी तुम्ही दुसरं फेक अकाउंट काढलंय, 'रसिक प्रेक्षक' नावाचं.

हे दुसरं अकाउंट फार महत्त्वाचं. वाशीवाल्यांनी पोस्टर टाकलं रे टाकलं की त्याखाली रसिक प्रेक्षकाने लिहायचं, 'विषय जुना, मांडणी त्याहून जुनी.' लिहून फोन उशाशी ठेवायचा. तासाभराने विझलेला स्पॉट मेसेज करतो, झोप येत नाहीये, कोणीतरी फार घाण लिहिलंय आमच्या पोस्टरखाली, विषय जुना मांडणी त्याहून जुनी म्हणे, रात्रंदिवस मेलोय मी त्या मांडणीसाठी. आता तुमचं खरं काम सुरू होतं. अकाउंट बदलायचं (हे विसरू नका, एकदा जरी विसरलात तर पुढचा लेख वाचायची गरज नाही) आणि लिहायचं, अरे अशा लोकांकडे लक्षच देऊ नकोस, स्वतःला काही जमत नसतं म्हणून दुसऱ्याच्या पोस्टरखाली येऊन बसतात. आणि हे अगदी मनापासून लिहायचं. त्या रसिक प्रेक्षकाचा तुम्हाला खरंच राग आला पाहिजे, असा कोण नालायक माणूस असेल असं वाटून डोळ्यात पाणी आलं पाहिजे. मग स्वतःशी म्हणायचं, कमाल आहे, हल्ली किती जण सेम कमेंट करतात!

बुद्धी गहाण ठेवल्याशिवाय हे प्रेम टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवते. तो म्हणेल आज तालमीत लेव्हलवरून पडलो, गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी ड्रॉच्या मीटिंगला वाशीचा दिग्दर्शक लंगडत येईल. तुम्ही म्हणायचं, सध्या गुडघ्यांची साथच आलीये. तो म्हणेल ठाणे स्टेशनला उभा आहे, पनवेल गाडी लागतेय. त्याच मिनिटाला तुम्हाला तो दुश्मन दहा नंबरवर वडापाव खात मोबाईलकडे बघून हसताना दिसेल, आणि तुम्ही नाक मुरडून लिहाल, मी पण स्टेशनलाच आहे, इथे एक इतका आगाऊ माणूस दिसतोय ना. योगायोग बघा, ठाणे-वाशी लोकलसुद्धा २००४ लाच सुरू झाली. त्याआधी ठाण्याच्या माणसाला वाशीच्या माणसावर प्रेम करायला कुर्ल्याला गाडी बदलावी लागायची, त्यात बऱ्याच जणांचा उत्साह मावळत असणार. आता दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली अशी ती गाडी जाते तोपर्यंत एक अख्खं गुपित सांगून होतं.

मग कधीतरी भेटायचं ठरतं. तलावपाळीला भेटू नका. तिथे तुमची आत्या चालायला येते. राम मारुती रोड तर नाहीच नाही, दिवाळी पहाटेला अख्खं तरुण ठाणं तिथे कुर्ते घालून कोण कोणाबरोबर आहे हे बघायलाच उभं असतं. वाशीच्या सागर विहारला त्याचा ग्रुप असतो. ऐरोली बरं. मध्यावर आहे, कोणाच्याच कॉलेजचं नाही, आणि तिथून ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट जाते. २०१५ पासून अभयारण्य आहे ते, आणि नोव्हेंबर ते मे पक्षी असतात म्हणजे सीझन पण स्पर्धेच्या सीझनला जुळतो. बोट भरतीच्या वेळेप्रमाणे सुटते, तुमच्या मूडप्रमाणे नाही. पण तिचा खरा फायदा असा की ओळख पटल्यावर कोणालाही तडकाफडकी उठून निघून जाता येत नाही. कॅफेत माणूस खुर्ची सरकवून जातो, खाडीत कुठे जाणार? चिखलात?

खूण म्हणून हातात जुनं स्क्रिप्ट आणायचं ठरलेलं असतं. तुम्ही बोटीत बसता, अंगात लाइफ जॅकेट, ते गळ्याशी येऊन हनुवटीला टोचतंय, आणि समोरच्या बाकावर तसंच जॅकेट घातलेला तो. लगेच स्क्रिप्ट मांडीखाली सरकवायचं. तो त्याचं पाठीमागे लपवतो.

'तू?'

'पक्षी बघायला. तू?'

'मी पण पक्षीच.'

तो मान वळवून घाईघाईत काहीतरी टाइप करतो आणि तुमच्या हातातला फोन थरथरतो. 'बोटीत बसलोय, तू दिसत नाहीयेस. समोर एक भलतीच कटकट येऊन बसलीये, भेटल्यावर सांगतो.' हा मेसेज नीट दोनदा वाचा. कटकट म्हणजे कोण हे इतक्या बुद्धीगहाण अवस्थेतसुद्धा कळतं. शेजारच्या काकू दुर्बीण देऊन म्हणतात, बघ गं ते गुलाबी गुलाबी, आणि तुम्ही दुर्बीण उलटी धरून उत्तर टाइप करता, 'कटकट बोलतेय.'

पुढचं सगळे लिहितात, तेवढं मी सोडून देते. तो तूच होय वगैरे. ते सोपं असतं. अवघड काय असतं, तर रसिक प्रेक्षक मीच, हे सांगणं. ते बोट परत वळायच्या आत सांगायचं, धक्क्याला लागल्यावर सांगितलंत तर तो पळेल. मला विचाराल तर तो गप्प बसेल, बराच वेळ पाण्याकडे बघेल, आणि मग तुमच्या टीझरखाली 'झोप छान लागली, आभार' हे कोणी लिहिलं होतं त्याचा उलगडा होईल. आता तुम्ही दोघंही सारखेच नालायक. याला काही लोक मेड फॉर ईच अदर म्हणतात.

ग्रुपला मात्र सांगू नका. स्पर्धा संपेपर्यंत तरी नाही, वाशीवाले चांगले आहेत असं कळलं तर लेव्हल्स उचलायला कोण येईल? फायनलला पूर्वीसारखंच खोका, उलट जरा जास्तच खोका, घोषणेला दोन पावलं पुढे जाऊन त्याच्या तोंडावर ओरडा. सवाई एकांकिका स्पर्धेला आपण जाणार असं दोघांनी आपापल्या ग्रुपला सांगून ठेवलेलं असतंच, कारण तिथे सगळ्या स्पर्धांतले त्या वर्षीचे पहिले नंबर खेळतात आणि आपल्या स्पर्धेत पहिला नंबर एकच असतो. तो डोंबिवलीला जातो. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघण्यात असताना डोंबिवलीच्या पोरांनी एक टेबल, एक बल्ब आणि चार माणसांत काम उरकलेलं असतं.

मग गडकरी रंगायतनच्या बाहेर दोन्ही ग्रुप पहिल्यांदाच एकत्र उभे राहून परीक्षकांना शिव्या घालतात. वातावरण चांगलं आहे, आता सांगून टाकावं असं वाटून तुम्ही घसा साफ करता, तेवढ्यात तुमची पोरं म्हणतात, माहितीये, त्यांची पोरं म्हणतात, आम्हाला दिवाळीपासून माहितीये. दोन्ही कॉलेजांचा लाइटवाला दादा एकच असतो ना, त्याला कोण कोणाच्या एंट्रीला विंगेत येऊन उभं राहतं ते वरून सगळं दिसतं, आणि बोटीतल्या दुर्बीणवाल्या काकू त्याच्याच मावशी निघतात. दादा वायर गुंडाळत गुंडाळत येतो, दोघांकडे एकदा बघतो आणि म्हणतो, अभिनंदन, पण मागच्या वर्षीचं पेमेंट दोघांकडूनही बाकी आहे, आता एकत्रच द्या.