दुखणं थांबलं म्हणजे कूर्चा भरली?

गुडघ्याच्या कूर्चेच्या (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराच्या, म्हणजे कार्टिलेजच्या) शस्त्रक्रियेबद्दल गोव्यातल्या फुटबॉलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप फिरतोय: ‘दुखणं थांबलं की जखम भरली. गुडघा नवा होतो. तीन महिन्यांत मैदानावर. बाकी सगळं सर्जनच्या हातात.’ यातला एकही दावा टिकत नाही.

‘दुखणं थांबलं की जखम भरली.’ कूर्चेला ना रक्तवाहिन्या, ना नसा. ती कच्ची असली तरी ओरडून सांगत नाही. कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून रोपल्या असतील, तर सुरुवातीला तो भाग मऊच असतो. घट्ट व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. दुखण्यापेक्षा सूज बघा. रोज सकाळी वाटीच्या मधोमध टेप लावून घेर मोजा. वाढला असेल, तर कालचा व्यायाम जास्त झाला.

‘सर्जनच्या हातात.’ पहिले 6 ते 8 आठवडे तुमच्याच हातात असतात. मांडीच्या हाडाच्या टोकावर दुरुस्ती असेल तर कुबड्या हव्यातच. डॉक्टरांचं ‘15 किलोच भार द्या’ म्हणजे किती, हे अंदाजाने कळत नाही. वजनकाट्यावर तो पाय ठेवा, काटा 15 वर येईपर्यंत दाबा, तेवढाच दाब अंगवळणी पाडा. दुरुस्ती वाटीमागे असेल तर हिशोब उलटा: ब्रेसमध्ये (गुडघा धरून ठेवणाऱ्या पट्ट्यात) पाय सरळ ठेवून बहुधा चालता येतं, पण गुडघा वाकवून जोर द्यायचा नाही. म्हणून चिऱ्याच्या उंच पायऱ्या टाळा आणि चवथीच्या आरतीला खुर्चीच घ्या. फुगडी यंदा नाहीच.

‘गुडघा नवा होतो.’ हाडाला बारीक भोकं पाडून केलेल्या दुरुस्तीत मूळची नव्हे, व्रणासारखी तंतुमय कूर्चा येते. अनेकांचा सुरुवातीचा आराम 2 ते 5 वर्षांत ओसरू लागतो. पाय धनुष्यासारखा वाकलेला असेल, हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट सैल असेल किंवा सांध्यातली मेनिस्कसची गादी काढलेली असेल, तर भार पुन्हा त्याच ठिगळावर येतो. म्हणून उभं राहून काढलेला, कंबरेपासून घोट्यापर्यंतचा एक्सरे शस्त्रक्रियेआधीच मागा. सिगरेट सोडा. वजन 1 किलो उतरलं की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे 4 किलोंनी हलका होतो.

‘तीन महिन्यांत मैदानावर.’ तेव्हा सायकल, तीही जागच्या जागी. धावणं साधारण 6 ते 9 महिन्यांनी; फुटबॉल वर्षभराने किंवा त्याहून उशिरा, आणि मांडीच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के झाल्यावरच. कापणी झालेल्या शेतात खेळायची तर घाई नकोच: वाळलेल्या ढेकळात पाऊल अडकतं आणि पीळ गुडघ्याला बसतो.