मायक्रोवेव्हमधला पाच मिनिटांचा कारखाना

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: "घरच्या मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत रेअर अर्थ फॉस्फेटची नॅनो पावडर! लहरी रेणू फोडतात, म्हणून कण नॅनो होतात. चीनने माल अडवलाय, लाखो कमवा." उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला असलेल्या भाच्यानं तो मला पाठवला. खाली प्रश्न, "मामा, करायचं काय?" मी रसायनशास्त्र शिकवतो, तेव्हा उत्तर देणं आलं. रेअर अर्थ म्हणजे लँथॅनम, टर्बियम वगैरे धातूंचं एक कुळ, आणि नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म कण.

"रेणू फोडतात" हे साफ खोटं. घरच्या ओव्हनची लहर २.४५ गिगाहर्ट्झची. पाण्याच्या रेणूतला एक बंध तोडायला तिच्या एका फोटॉनच्या, म्हणजे ऊर्जेच्या एका पुडीच्या, सुमारे पाच लाखपट ऊर्जा लागते. लहर फक्त तापवते, पण तापवण्याची तऱ्हा वेगळी. कुंद्याला दूध आटवताना आच तळातून येते. हात थांबला की बुडाला लागलंच. मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचे रेणू लहरीबरोबर फिरू बघतात आणि द्रव आतूनच झपाट्यानं तापतो. म्हणून तासन्‌तासांचं काम मिनिटांत उरकतं. पद्धत खरी आहे, प्रयोगशाळांत रोज वापरतात. कारण तेवढं बनावट.

"पाच मिनिटांत" म्हणाल, तर या फॉस्फेटांपैकी लँथॅनमचंच घ्या: लँथॅनम फॉस्फेटचा साका मायक्रोवेव्हचं बटण दाबायच्या आधीच पडतो. लँथॅनम नायट्रेटच्या द्रावणात अमोनियम फॉस्फेट ओतलं की पांढरं गढूळ झालंच, कारण हा पदार्थ पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पुढे कण बारीक राहणार की काड्यांसारखे वाढणार, ते आम्लता, तापमान आणि वेळ ठरवतात. मग पुन्हा पुन्हा धुणं, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून साका वेगळा करणं, सुकवणं यात दिवस जातो. त्याबद्दल मजकुरात अवाक्षर नाही.

शिवाय साक्यावरच्या पाण्यात काय उरतं? अमोनियम नायट्रेट आणि नायट्रिक आम्ल. न धुता ते ओव्हनमध्ये सुकवणं म्हणजे स्फोटकाशी खेळ, आणि बंद डबा ठेवला तर तो वाफेनंच फुटेल. ज्यात पोरांचं दूध गरम करता त्यात हे करायचं? काय डोकं म्हणायचं!

चीनचं निम्मं खरं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्यात टर्बियम, डिस्प्रोसियम आहेत, लँथॅनम नाही. ते तर या कुळातलं स्वस्तातलं. सीएफएल दिव्यांतला हिरवा उजेड लँथॅनम फॉस्फेटमध्ये सिरियम-टर्बियम घालून मिळायचा. एलईडी आले आणि ती मागणीही घसरली.

भाच्याला म्हटलं, रेअर अर्थ बघायचंच तर तुमच्याकडे एसजी आयर्न (न तडकणारं चिवट बीड) ओतताना लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेल्या लोखंडाच्या भांड्यात, मॅग्नेशियमचा जो मिश्रधातू टाकता, त्याच्या पोत्यावरचं लेबल वाच. बहुधा त्यात थोडं रेअर अर्थ असतंच. संध्याकाळी त्यानं लेबलाचा फोटो पाठवला, आणि ग्रुपवरचा तो मजकूर पुसला.