४७ व्या बारमधली जागा

आज एका चर्चेत एका तरुण संगीतकाराने "वादकांशी फार बोलू नये, त्याने आपला आवाज पातळ होतो" असे छातीठोकपणे सांगितले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत माझेही हात होते, याची चीड घरी आल्यापासून वाढतच चालली आहे. कारण ज्या आवाजावरून लोक मला ओळखतात, तो मला बास क्लॅरिनेट हे खर्जातले फुंकवाद्य वाजवणाऱ्या एका बाईंनी दिला.

माझ्या एका रचनेच्या ४७ व्या बारमध्ये, म्हणजे स्वरलिपीच्या ४७ व्या खणात, मी त्यांच्यासाठी एक सरळ, खर्जातला स्वर लिहिला होता. तालमीत त्यांची एक चावी अर्धवट दाबली गेली आणि तो दुभंगला: खाली घोगरा, वर शिट्टीसारखा बारीक, आणि दोहोंच्या मध्ये थरथर. मी "पुन्हा" म्हणणार, तोच त्यांनी पेन्सिल मागितली, बोटांची ठेवण माझ्या प्रतीच्या समासात लिहिली आणि तोच स्वर सहा वेळा काढून दाखवला. छापील प्रतीत बोटे आली, बाई आल्या नाहीत. पुढे समीक्षकांनी नेमक्या त्याच जागेला माझी सही म्हटले, आणि मी गप्प राहिलो.

इटालियन संगीतकार लुचानो बेरिओ यांनी 'सेक्वेन्झा ३' ही रचना १९६५ मध्ये गायिका कॅथी बर्बेरियन यांच्यासाठी लिहिली. त्यातले हसणे, पुटपुटणे त्या गळ्यावाचून सुचले असते, असे कोणाला वाटते? दुसरे इटालियन संगीतकार जाचिंतो स्केल्सी सुचेल ते वाजवून टेपवर घेत आणि त्यांचे सहकारी विएरी तोसात्ती ते कागदावर उतरवीत. १९८८ मध्ये स्केल्सी गेले आणि पुढच्याच वर्षी तोसात्तींनी त्या रचना आपल्या असल्याचा दावा केला. तो दावा मला पटत नाही, पण त्यामागची जळजळ पुरेपूर कळते.

शेवटचा शब्द कोणातरी एकाचा असावा लागतो, हे मान्य. सर्वांच्या संमतीने निघालेल्या बेचव रचना मीही सोसल्या आहेत. म्हणून सारे आपल्याच पोटातून आले, असे सांगत फिरायचे?

त्या मुलावरचा राग आता ओसरला आहे. तो निदान उघडपणे बोलला. मी पेन्सिल मागणारी बाई भेटूनही तोंड मिटून बसलो.

मघाशी त्यांना फोन करून, नव्या आवृत्तीत तुमचे नाव घालतो, असे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "नाव सावकाश घाला. आधी ४७ व्या बारमधली बोटे दुरुस्त करा. छापताना तुम्ही ती चुकवली आहेत, आणि गेली ११ वर्षे लोक मला विचारतात की हा स्वर निघत का नाही."