थोरली डिस्क, धाकटी डिस्क

2003 साली आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 10 ऑगस्टला, रविवारी भरायची होती, आणि खजिनदार या नात्याने तिच्यापुढे मांडायचा सारा हिशेब माझ्या घरच्या संगणकावर, डी ड्राइव्हमध्ये, म्हणजे हार्ड डिस्कच्या दुसऱ्या भागात होता. त्या संगणकाची 10 जीबीची हार्ड डिस्क कन्येने जमवलेल्या गाण्यांनी इतकी भरून गेली होती की, ताळेबंद साठवायला गेले की जागा शिल्लक नसल्याचा संदेश येई. शहाण्या माणसाने चार गाणी काढून टाकली असती. मी मात्र शुक्रवारी कचेरीतून थेट लॅमिंग्टन रोड गाठला आणि 40 जीबीची नवी डिस्क घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "काही नाही साहेब, केबल लावायची आणि चालू करायचं."

रात्री जेवणे उरकल्यावर कॅबिनेटचे झाकण काढले. आत धुळीने माखलेली, राखाडी रंगाची, दोन इंच रुंद अशी एक चपटी पट्टी मदरबोर्डापासून, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किटपासून निघून डिस्कपर्यंत गेली होती. हीच ती आयडीई केबल. हिच्यात शेजारी शेजारी 40 तारा असतात. त्यांपैकी 16 तारांवरून 16 बिट एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून धावतात आणि उरलेल्या तारा हुकूम देणे, वाट पाहायला लावणे आणि जमिनीशी (म्हणजे विजेच्या भाषेत ग्राउंडशी) संबंध राखणे अशी कामे पाहतात. 1986 च्या सुमारास कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटल या कंपन्यांनी डिस्क चालवणारे सर्किट वेगळ्या कार्डावर न ठेवता डिस्कच्याच पाठीवर बसवले, तेव्हापासून केबलीने फक्त निरोप पोहोचवायचे, एवढेच काम तिला उरले. कागदोपत्री तिचे प्रमाणित नाव एटीए असे आहे आणि ते 1994 साली ठरले. परंतु लॅमिंग्टन रोडवर एटीए म्हटल्यास दुकानदार आपल्याकडे गाव चुकलेल्या पाहुण्यासारखे पाहतो.

एका केबलीवर दोन डिस्क बसतात, आणि चाळीत दोन बिऱ्हाडांत एक नळ असावा तशी त्यांची गत असते, म्हणजे एकीचे चालू असताना दुसरीने बादली घेऊन उभे राहायचे. नळ एक म्हटला की आधी कोण हा प्रश्न आलाच. तो सोडवण्यासाठी एकीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह ठरवावे लागते. नावे भारदस्त असली तरी मास्टर स्लेव्हवर काडीचीही सत्ता गाजवत नाही. एटीएच्या प्रमाणकात त्यांना साधे डिव्हाइस शून्य आणि डिव्हाइस एक म्हटले आहे. (त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीने आपल्या पुरवठादारांना यंत्रांवर असले शब्द छापू नयेत असे कळवले. आमच्या घरात त्यापूर्वीच थोरली आणि धाकटी हे शब्द रूढ झाले होते.)

मी केबलीचा मधला मोकळा कनेक्टर नव्या डिस्कला जोडला, विजेचा चार तारांचा, पिवळी-काळी-काळी-लाल असा प्लग दाबून बसवला आणि संगणक चालू केला. पडद्यावर नवी डिस्क दिसली नाही. जुनीही दिसली नाही. कारखान्यातून येताना नवी डिस्कही मास्टर म्हणूनच आली होती, जुनी तर आधीपासून मास्टर होती, आणि एका हाकेला दोघी एकदम ओ देत असल्यामुळे मदरबोर्डाने दोघींचेही ऐकणे सोडून दिले होते.

उपाय सोपा होता. डिस्कच्या मागे, केबल आणि वीज यांच्या मधोमध, काही पिना असतात; त्यांतल्या दोन पिनांवर बसवलेले प्लॅस्टिकचे इवलेसे टोपण, ज्याला जंपर म्हणतात, ते उपटून डिस्कवरच्या आकृतीत दाखवलेल्या स्लेव्हच्या जागी लावायचे. मी ते नखाने उपटले आणि ते उडाले. कुड्याची फिरकी हरवल्यावर घरात जो प्रकार होतो तोच सुरू झाला. कन्या बॅटरी धरून जमिनीवर आडवी झाली, पंखा बंद झाला, मला पाय न हलवण्याची ताकीद मिळाली. "अहो, पण ते नक्की आहे केवढं?" असे सौभाग्यवतींनी विचारले आणि मी तांदळाच्या दोन दाण्यांएवढे असे सांगताच त्यांनी केरसुणी आणायला नकार दिला. साडेअकरा वाजता ते माझ्याच लेंग्याच्या दुमडीत सापडले.

शनिवारी सकाळी जंपर जागी बसवून पुन्हा जोडणी केली. आता हार्ड डिस्कचा लाल दिवा जो लागला तो न मिचकावता समईसारखा तेवत राहिला आणि दोन्ही डिस्क पुन्हा बेपत्ता झाल्या. केबल उलटी लागली होती. वास्तविक तसे होऊ नये म्हणून कनेक्टरला एक उंचवटा असतो आणि विसाव्या पिनेची जागा बुजवलेली असते, परंतु आमचा संगणक ज्याने जुळवून दिला होता त्या गृहस्थांनी या दोन्ही सोयी नसलेली केबल शोधून काढली होती. अशा वेळी काठावरच्या लाल रेघेकडे पाहायचे असते, कारण लाल रेघ म्हणजे पहिली पिन आणि ती विजेच्या प्लगच्या बाजूला हवी. उलट लावली की चाळिसाव्या पिनेची जमीन पहिल्या पिनेच्या रीसेटच्या तारेवर येते आणि दोन्ही डिस्कना "थांबा, अजून सुरू होऊ नका" असा हुकूम अखंड मिळत राहतो. दोघीही बिचाऱ्या आज्ञाधारक निघाल्या.

सरळ जोडल्यावर दोघी दिसल्या, पण पडद्यावर 80 तारांची केबल नसल्याची तक्रार उमटली. कनेक्टरच्या पिना 40 आणि तारा मात्र 80, हे गणित मला दूरध्वनीवरून भाच्याने समजावले. वेग वाढला, सेकंदाला 66 मेगाबाइटपर्यंत गेला, की शेजारशेजारच्या तारा एकमेकींचे बोलणे उचलू लागतात. म्हणून दर दोन तारांच्या मध्ये जमिनीला जोडलेली एक मुकी तार घालतात. हा उपाय मला आमच्या सर्वसाधारण सभेसाठी फारच पसंत पडला, दर दोन सभासदांमध्ये एक मुका इसम बसवावा, परंतु तेवढे मुके इसम आमच्या तीन मजल्यांत नव्हते. स्टेशनाजवळून तशी केबल आणली. तिचा निळा कनेक्टर मदरबोर्डाला, काळा टोकाचा थोरलीला, राखाडी मधला धाकटीला. तिची लांबी नियमाप्रमाणे 18 इंच, म्हणजे जेमतेम 46 सेंटिमीटर, आणि आमच्या थोरलीचा मुक्काम कॅबिनेटच्या माळ्यावर. त्यामुळे चार स्क्रू काढून तिला खालच्या खणात उतरवावे लागले, ज्यात कॅबिनेटच्या पत्र्याने माझ्या तर्जनीचा रीतसर मोबदला घेतला. त्याच वर्षी सात पिनांची, बोटाएवढी रुंद साटा केबल बाजारात येऊ लागली होती, जिच्यात बिट एकामागून एक, मुकाट्याने रांगेत जातात आणि थोरली-धाकटी हा वादच उरत नाही. ही माहिती भाच्याने बोटाला पट्टी बांधून झाल्यावर दिली.

"मामा, आता सोपंय," तो म्हणाला. "एफडिस्कमध्ये दुसरी डिस्क निवड, प्रायमरी पार्टिशन कर, रीस्टार्ट कर आणि डी फॉरमॅट कर." मी तसे केले. (एफडिस्क डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन पाडते आणि फॉरमॅट ती पाटी पुसून कोरी करते.) टक्केवारी शंभरावर पोहोचली, आणि मग मला आठवले की सोसायटीचा हिशेब डी ड्राइव्हमध्ये होता.

डी उघडून पाहिली. 40 जीबी, स्वच्छ, रिकामी. भाच्याच्या हॉस्टेलचा फोन लागेना. रात्री नऊ वाजता मी सुवाच्य अक्षरात "अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव उद्याची सभा पुढे ढकलण्यात येत आहे" अशी सूचना लिहिली, जिन्याखालच्या फलकावर लावली आणि वर येऊन न जेवता बसलो.

"बाबा, ही ई कुठून आली?" कन्येने विचारले.

विंडोज 98 अक्षरे वाटते ती वयाप्रमाणे नव्हे. आधी सर्व डिस्कवरच्या प्रायमरी पार्टिशनांना, म्हणजे मुख्य भागांना, ती मानाची अक्षरे देते आणि उरलेल्यांना नंतर. धाकटीचे पार्टिशन प्रायमरी असल्यामुळे तिने येताच डीचे आसन पटकावले होते आणि थोरलीचा जुना डी, माझ्या तीन वर्षांच्या पावत्या, पाणीपट्टी आणि थकबाकीदारांच्या यादीसह, निमूटपणे सरकून ई झाला होता. एकही फाइल गेली नव्हती. गाणीसुद्धा.

मी चप्पल न घालता जिना उतरलो. फलकासमोर अध्यक्ष लुंगीवर उभे होते आणि चष्मा वर करून माझी सूचना दुसऱ्यांदा वाचत होते.

"तांत्रिक म्हणजे?" त्यांनी विचारले.

"डीची ई झाली होती," मी म्हणालो आणि टाचण्या काढू लागलो.